‘फाइव्ह लिटल पिग्ज’ : बिअरचा एक पेला आणि पाच साक्षी

मत्सरातून झालेला खून टीव्हीवर दाखवणं सोपं, म्हणूनच तो बहुतेक वेळा फसतो. नवरा, बायको, तिसरी बाई. शेवटच्या दहा मिनिटांत कोणीतरी किंचाळत कबुली देतं, पोलीस बेड्या घालतात आणि श्रेयनामावली सुरू होते. मत्सर हे कारण इतकं ओळखीचं आहे, की लेखक त्यावर मेहनतच घेत नाहीत. ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवरच्या ‘अगाथा ख्रिस्तीज पॉयरो’ मालिकेतला, ख्रिस्तीच्या कादंबरीवरून केलेला ‘फाइव्ह लिटल पिग्ज’ हा भाग याला अपवाद आहे, आणि तोही असा की 14 डिसेंबर 2003 रोजी पहिल्यांदा दाखवल्यानंतर आजही मालिकेतल्या सर्वोत्तम भागांत त्याचं नाव घेतलं जातं. 1989 ते 2013 या काळात डेव्हिड सुशेने गुप्तहेर पॉयरोच्या भूमिकेत सत्तर भाग केले. त्यातला एकच भाग पाहायचा असेल, तर माझ्या मते तो हा.

भाग साधारण दीड तासाचा आहे. पटकथा केव्हिन एलियटची, दिग्दर्शन पॉल अन्विनचं. मालिकेची ही नवव्या पर्वाची सुरुवात. पॉयरोचा मित्र हेस्टिंग्ज, इन्स्पेक्टर जॅप आणि सेक्रेटरी मिस लेमन ही नेहमीची मंडळी या पर्वात नाहीत. जुन्या प्रेक्षकांना ते खटकतं, पण या कथेसाठी ती अनुपस्थिती फायद्याची ठरते. हेस्टिंग्ज असता तर त्याच्या भाबड्या प्रश्नांनी मधेमधे हवा खेळती राहिली असती. इथे ती तशी राहू द्यायची नाही. पॉयरो एकटा बसतो, समोरचा माणूस बोलतो, आणि आपल्यालाही त्या माणसापासून नजर हटवता येत नाही.

आधी रहस्य न फोडता सांगता येईल तेवढं. लूसी नावाची तरुणी पॉयरोकडे येते. तिची आई कॅरोलाइन क्रेल हिला चौदा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या खुनासाठी फाशी झाली. नवरा एमियस क्रेल, नावाजलेला चित्रकार आणि बाईवेडा. एल्सा ग्रीअर या तरुण, श्रीमंत मुलीचं चित्र रंगवायला त्याने तिला थेट स्वतःच्या घरी आणून ठेवलं होतं. बायकोच्या डोळ्यांसमोर सगळं चाललं होतं. विष बायकोनेच चोरलं होतं. खटला सरळ होता, ज्यूरीला फार विचार करावा लागला नाही. पण आईने मरण्यापूर्वी मुलीसाठी पत्र लिहून ठेवलं आहे, आणि त्यात ती निर्दोष असल्याचं लिहिलं आहे. चौदा वर्षांनंतर ना बोटांचे ठसे तपासता येतात, ना बागेतल्या पाऊलखुणा. उरली आहेत ती त्या दिवशी घरात असलेली पाच माणसं आणि त्यांच्या आठवणी. पॉयरो पाचही जणांना भेटतो.

कथेचा ढाचा एवढाच. ज्यांना उत्तर माहीत नाही त्यांनी इथे थांबून आधी भाग पाहावा. याच्या पुढे खुनी कोण, कसा आणि का, हे सगळं लिहिलं आहे, कारण त्याशिवाय या भागाची कारागिरी दाखवताच येत नाही.

या कथेतली खरी हुशारी मत्सराच्या वाटपात आहे. इथे मत्सर एकट्या खुन्याकडे नाही, थोडाथोडा सगळ्यांकडे आहे. एमियसचा बालमित्र फिलिप ब्लेक कॅरोलाइनचा राग राग करतो. त्याचा थोरला भाऊ मेरेडिथ आधी कॅरोलाइनवर मन ठेवून होता, आणि आता एल्साकडे बघतो आहे. कॅरोलाइनची सावत्र बहीण अँजेला एमियसवर चिडलेली, कारण तो तिला बोर्डिंग शाळेत धाडणार आहे. अँजेलाला घरी शिकवणारी गव्हर्नेस मिस विल्यम्स, तिला पुरुषांच्या या स्वैरपणाचाच तिटकारा. आणि कॅरोलाइनकडे तर मत्सराचा दाखलाच आहे. लहानपणी सावत्र बहिणीकडे घरच्यांचं जास्त लक्ष जातंय म्हणून तिने पेपरवेट फेकून मारला होता, त्यात अँजेलाचा एक डोळा गेला. हा प्रसंग कोर्टात आला आणि तिथेच खटला हातचा गेला. मत्सरी मुलगी मोठी होऊन मत्सरी बायको झाली, असा अर्थ कोणीही काढला असता.

या सगळ्यात एकाच व्यक्तीकडे मत्सराचं कारण दिसत नाही, ती म्हणजे एल्सा. ती जिंकलेली आहे. एमियस तिच्याशी लग्न करणार असं तिने घरात जाहीर केलंय. मालकीण असल्याच्या थाटात, आपण इथे राहायला आल्यावर खोलीत काय बदल करू हेही तिने कॅरोलाइनसमोर बोलून दाखवलंय. हरलेल्या बाईवर संशय घेणारे साक्षीदार, वकील आणि प्रेक्षक जिंकलेल्या बाईकडे बघतही नाहीत. मग कळतं की एमियसला फक्त चित्र पूर्ण करायचं होतं. चित्र संपेपर्यंत मॉडेल निघून जाऊ नये म्हणून तो गप्प बसला होता. लग्नाचं आश्वासन ही एका चित्रकाराने मॉडेल जागेवर बसवून ठेवण्यासाठी केलेली सोय होती. लायब्ररीतल्या नवरा-बायकोच्या बोलण्यातून एल्साला हे समजतं. आणि त्याच बोलण्यात तिची कीव करणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे कॅरोलाइन. ज्या बाईला आपण हरवलं असं वाटत होतं, तीच आपल्यासाठी रदबदली करते आहे हे ऐकणं, या कथेत खुनापर्यंत नेणारी शेवटची पायरी आहे. या एका वळणामुळे मत्सर ‘त्याने दुसरीवर प्रेम केलं’ एवढ्यावर राहत नाही. तो ‘त्याने माझ्यावर कधी प्रेम केलंच नव्हतं आणि ते तिला ठाऊक होतं’ असा होतो.

आता विषाचा मार्ग. रहस्यकथा नीट बांधली आहे की नाही हे तिथे तपासता येतं, आणि इथे ती पक्की बांधलेली आहे.

विष आहे कोनीन, हेमलॉक या झाडातून मिळणारं. सॉक्रेटिसला इसवी सनपूर्व 399 मध्ये ज्या विषाचा प्याला दिला, ते हेच मानलं जातं. या झाडाच्या दांड्यावर जांभळट ठिपके असतात आणि पानं चुरगाळली की उंदराच्या घाणीसारखा वास येतो. मेरेडिथला वनस्पतींचे अर्क काढण्याचा नाद आहे, आणि त्याच्या प्रयोगशाळेतून हे विष जातं. ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम केलं होतं, त्यामुळे तिच्या कथांमध्ये विष कधीही नुसती ‘विषाची बाटली’ नसते. त्याला चव असते, वास असतो, परिणाम व्हायला लागणारा वेळ असतो, आणि त्यातूनच पुरावा तयार होतो.

कोनीन स्नायूंना मिळणारा आदेश तोडतं. अशक्तपणा पायांपासून सुरू होतो आणि वर चढतो. हात जातात, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. मेंदू मात्र बराच वेळ जागा राहतो. कथेतलं सगळं याच एका गुणधर्मावर उभं आहे. बागेतल्या बुरुजावर एमियस एल्साचं चित्र काढतो आहे. ती कठड्यावर बसली आहे. विष त्याच्या पोटात गेलेलं आहे, आणि तिला ते ठाऊक आहे. तो रंगवत राहतो. हळूहळू त्याचे हातपाय जड होतात. जेवणाच्या वेळी सगळे घरात जातात, हा तिथेच चित्राकडे टक लावून पडून राहतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, चित्रकार आहे, कामात बुडालाय. त्याचा हा स्वभाव सगळ्यांना माहीत होता, म्हणून कोणी हाक मारून पाहिली नाही.

आता क्रम पाहा. आदल्या दिवशी कॅरोलाइन मेरेडिथच्या प्रयोगशाळेतून विष घेते, स्वतःला संपवण्यासाठी. ते ती जुन्या अत्तराच्या कुपीत ठेवते. एल्सा हे पाहते. दुसऱ्या दिवशी सकाळी लायब्ररीतलं भांडण. मग चित्र काढताना एल्सा थंडी वाजते म्हणून स्वेटर आणायला घरात जाते आणि कुपीतलं विष घेऊन परत येते. कादंबरीत ते नेण्यासाठी शाईच्या पेनात शाई भरायची छोटी रबरी नळी वापरली आहे. बुरुजावर ठेवलेली बिअर कोमट झालेली असते. एल्सा तीच पेल्यात ओतून एमियसला देते. थोड्या वेळाने कॅरोलाइन बर्फातली थंडगार बाटली घेऊन येते. तो पितो, आणि आज सगळंच घाणेरडं लागतंय असं म्हणतो.

सगळा खटला इथे उलटायला हवा होता. ‘सगळंच’ म्हणणारा माणूस त्याआधी आणखी काहीतरी वाईट चवीचं प्यायलेला असतो. कॅरोलाइनने आणलेली बिअर त्या दिवसाची पहिली कडू चव नव्हती. पण तिने बाटली आणली, हे सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि आधीच्या पेल्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. बिअर स्वतःच कडवट, आणि थंड असली की जीभ अर्धी बधिर होते, त्यामुळे चवीची तक्रार कोणी मनावर घेतली नाही.

दुसरा पुरावा याहून सुंदर आहे. मृतदेह सापडल्यावर कॅरोलाइन एकटी असताना मिस विल्यम्स लांबून पाहते, की ती बिअरची बाटली रुमालाने पुसते आहे आणि मग मेलेल्या नवऱ्याची बोटं त्या बाटलीवर दाबते आहे. मिस विल्यम्सच्या मते हा अपराधाचा डोळ्यांदेखतचा पुरावा, म्हणून ती इतकी वर्षं गप्प राहिली. पॉयरो तिथेच उलटी वाट धरतो. विष बाटलीत नव्हतंच, पेल्यात होतं. ज्याने ते घातलं, त्याला हे माहीत असणार आणि तो बाटलीला हातही लावणार नाही. बाटली पुसणारी व्यक्ती दुसऱ्याला वाचवत होती, आणि विष कुठे होतं हे तिला ठाऊकच नव्हतं. ज्या कृतीने कॅरोलाइन दोषी ठरली असती, तीच तिच्या निर्दोषपणाचा एकमेव ठोस पुरावा ठरते. संबंध रहस्यसाहित्यात इतका स्वच्छ उलटलेला पुरावा फार थोडा सापडेल.

मग ती वाचवत कोणाला होती? अँजेलाला. अँजेला एमियसच्या पेयांत खोड्या करायची. कॅरोलाइनला वाटलं, या वेळी खोडी जिवावर बेतली. तिने त्या मुलीचा एक डोळा घेतला होता, ते देणं फेडायची संधी समोर आली. म्हणून ती कोर्टात लढली नाही. वकिलाने आत्महत्येचा बचाव उभा केला, पण अशिलालाच त्यात रस नव्हता. बचाव पक्ष का कोसळला याचं हे कारण भागात तुकड्यातुकड्याने येतं, आणि सर माँटेग्यू या वकिलाच्या भूमिकेत पॅट्रिक मॅलाहाइड ते थोडक्यात, पण नेमकं उभं करतो. आपलंच अशील हरायला निघालंय हे पाहणाऱ्या वकिलाची खंत त्याच्या चेहऱ्यावर अजून ताजी दिसते.

एक छोटा पुरावा अजून. भांडणात एमियस बांधाबांध करून कोणालातरी पाठवण्याबद्दल काहीतरी बोलतो. ऐकणाऱ्याला वाटतं, अँजेलाच्या शाळेच्या सामानाची गोष्ट चालली आहे. पण घरात गव्हर्नेस असताना, चित्राशिवाय कशातच लक्ष नसलेला हा माणूस एका शाळकरी मुलीच्या ट्रंका भरणार? पाठवणी एल्साची होती.

दिग्दर्शनाबद्दल. भूतकाळातले प्रसंग हातातल्या कॅमेऱ्याने घेतलेले आहेत. थोडे हलते, उन्हाने भरलेले, चेहऱ्यांच्या फार जवळ जाणारे. वर्तमान मात्र थंड आणि स्थिर. या मालिकेची ओळख नीटनेटक्या आर्ट डेको (1920-30च्या दशकांतली रेखीव शैली) चौकटी अशी होती, त्यामुळे हा बदल पहिल्या वेळी बेचैन करतो. पण त्याचं काम आहे. टीव्हीवर दिसलेलं आपण खरं मानतो, ही अशा कथेची मोठी अडचण. कादंबरीत पाचही जण आपापली हकिकत लिहून देतात, वाचक पानं मागे उलटून वाक्यावाक्याची तुलना करू शकतो. पडद्यावर ते शक्य नाही. अन्विन त्यावर उपाय म्हणून प्रसंग अर्धवट दाखवतो. तेच ऊन, तोच लॉन, पण दार कुठून उघडतं, कोण ऐकतंय, हे साक्षीदार बदलला की बदलतं. तरीही काही गळतंच. पाच हकिकतींना दीड तास पुरत नाही, आणि मेरेडिथचा स्वभाव पातळ होतो. मार्क वॉरन बिचारा चांगलं काम करतो, पण त्याला पुरेशी जागा नाही.

अभिनयात सगळ्यात वर रेचेल स्टर्लिंगची कॅरोलाइन. ती कुठेही बिचारी वाटत नाही. मत्सर तिच्यात आहे, दिसतो, आणि त्यामुळेच तिच्यावर संशय टिकतो. ती निष्पाप देवी असती तर प्रेक्षकाने दहाव्या मिनिटालाच तिला सोडून दिलं असतं. एडन गिलेनचा एमियस आवडतो आणि संतापही आणतो. एवढ्या बायका या माणसामागे का, हा प्रश्न पडत नाही. ज्यूली कॉक्सची एल्सा दोन काळांत दोन वेगळ्या बायका आहेत. एक उतावळी आणि तेजस्वी, दुसरी उंची कपड्यांत गोठलेली. टोबी स्टिव्हन्सचा फिलिप आणि जेमा जोन्सची मिस विल्यम्स दोघेही थोड्या वेळात ठसतात. सुशे स्वतः मागे राहतो. पॉयरो ऐकतो आहे, हे त्याला न बोलता दाखवता येतं.

मूळ कादंबरी अमेरिकेत 1942 मध्ये आणि ब्रिटनमध्ये 1943 मध्ये आली. रूपांतरात तीन मोठे बदल आहेत, आणि तिघांचा हिशेब सारखा नाही.

पहिला, फाशी. कादंबरीत कॅरोलाइनची शिक्षा जन्मठेपेवर येते आणि ती वर्षभरात तुरुंगात मरते. इथे ती फासावर जाते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये खुनाच्या दोषाला मृत्युदंड बंधनकारक होता, गृहमंत्र्यांनी दया दाखवली तरच तो टळे. म्हणजे बदल काळाला सोडून नाही. शिवाय यामुळे कॅरोलाइनच्या त्यागाची किंमत वाढते. अँजेला वाचावी म्हणून ती दोराकडे चालत गेली. हा बदल पटतो.

दुसरा, फिलिप. कादंबरीत तो कॅरोलाइनवर प्रेम करत होता आणि तिने झिडकारल्यामुळे कडवट झाला. इथे त्याचं प्रेम एमियसवर आहे. यावर बरेच वाचक नाराज आहेत. पण कथेच्या आतून पाहिलं तर तो बसतो. मित्राच्या बायकोचा इतका द्वेष, मित्राची इतकी बाजू घेणं, याला कारण मिळतं. मत्सराच्या वाटपात एक नवी रेघ येते, आणि ती इतर रेघांना छेदत नाही.

तिसरा, पिस्तूल. शेवटी लूसी एल्सावर पिस्तूल रोखते आणि पॉयरो तिला आवरतो. हे अनावश्यक आहे. कादंबरीचा शेवट भयंकर आहे तो याचसाठी, की एल्साला शिक्षा द्यायची कोणालाच गरज उरत नाही. त्या बुरुजावर एमियसबरोबर ती स्वतःही संपली, हे तिला कळतं. बंदूक आली की प्रश्न ‘गोळी सुटेल का’ असा होतो, आणि चौदा वर्षांच्या रिकामेपणावरून नजर हटते. एमी मलिन्सची लूसी बाकी सगळीकडे शांत आणि ठाम आहे, म्हणून ही धावाधाव आणखी खटकते.

दुसऱ्यांदा पाहताना तीन जागी लक्ष ठेवा. एल्सा घराकडे जाऊन परत येते तेव्हा तिच्या हातांकडे. एमियस बिअर पितो तेव्हा पेल्यात आधी काय होतं याकडे. आणि चित्राकडे. पॉयरोच्या उलगड्याचा कळस त्या चित्रातच आहे. एका मुलीचं चित्र, जी समोर मरणाऱ्या माणसाकडे बघते आहे, आणि ते काढणाऱ्याला आपण काय टिपतोय ते माहीत नाही. हे ठाऊक असताना ते प्रसंग पुन्हा पाहिले, की एल्साचा प्रत्येक स्थिर क्षण वेगळा वाटतो.

कादंबरी वाचायची असेल तर भागानंतर वाचा. आधी वाचली तर पिस्तुलाचा आणि फिलिपचा बदल इतका बोचतो की बाकीचं नीट पाहवत नाही. नंतर वाचली तर पाच लेखी हकिकतींमध्ये तेच पुरावे शब्दांत लपवलेले सापडतात, विशेषतः एल्साच्या हकिकतीत. तिने जे लिहिलंय त्यापेक्षा काय गाळलंय ते महत्त्वाचं, आणि घड्याळाच्या वेळा कागदावर मांडत वाचलं तर तिने गाळलेला अर्धा तास स्वतःच दिसतो. बुरुजाच्या बागेबद्दल कुतूहल वाटलं, तर डेव्हनमधल्या डार्ट नदीकाठच्या ग्रीनवेची छायाचित्रं पाहा. ख्रिस्तीने हे घर 1938 मध्ये घेतलं, तिथे खरोखर असा बुरूज आहे, आणि घरापासून तो किती आडोशाला आहे हे दिसलं की जेवणाला बसलेल्यांना तिथलं काही का कळलं नाही, तेही लक्षात येतं.